आफ्रिकन सफारीतलं पिवळं गवत दौंडजवळही आहे; त्यात एका दिवसात काय काय दिसतं?

मसाई माराची रील तुम्ही पाहिली असेलच. उघडी जीप, क्षितिजापर्यंत पिवळं गवत, मधेच छत्रीसारखं पसरलेलं एखादं झाड आणि गवतातून हळूच वर येणारं सिंहाचं डोकं. खाली मित्रांना टॅग करून लिहिलेलं असतं, 'एकदा तरी जायचंय.'

आता पुणे-सोलापूर हायवेवर दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला या आणि सुप्याच्या रस्त्याला वळा. नोव्हेंबर-डिसेंबर असेल तर थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना तसंच पिवळं गवत सुरू होतं. झाडं म्हणाल तर बाभूळ, हिवर, बोर. सिंह नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण लांडगा आहे, तरस आहे, खोकड आहे, चिंकारा आहे. एसटीतून रोज हजारो लोक इथून जातात आणि बहुतेकांना खिडकीबाहेर 'काहीच नाही' असंच वाटतं.

गंमत म्हणजे 'सफारी' हा शब्दही आपल्याला परका नाही. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे नुसता प्रवास, आणि तो आला अरबी 'सफर'वरून. तीच सफर फारसीतून मराठीत आली.

मग हे जंगल आहे की माळ?

माळ. आणि माळ म्हणजे जंगल तोडल्यावर उरलेली जागा नव्हे, हा मुद्दा आधी समजून घ्यायला हवा. सह्याद्रीचा पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो आणि पूर्वेकडे येईपर्यंत ढग रिकामे होतात. दौंड, बारामती, इंदापूर या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. खाली मुरमाड जमीन. अशा ठिकाणी दाट झाडी उभी राहत नाही. गवत आणि विखुरलेली काटेरी झाडं अशी जी रचना तयार होते, तिला शास्त्रज्ञ सॅव्हाना म्हणतात. सेरेंगेटी आणि मसाई मारा याच प्रकारात मोडतात.

'पण पूर्वी इथे घनदाट जंगल असेल आणि गुरांनी ते संपवलं असेल' असं बऱ्याच जणांना वाटतं. याचं उत्तर शोधायला आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी चक्क जुनं मराठी साहित्य वाचून काढलं. संतसाहित्य, महानुभाव चरित्रं, ओव्या, धनगरांच्या तोंडी असलेल्या कथा. सगळ्यात जुने उल्लेख सुमारे ७५० वर्षांपूर्वीचे. २०२५ मध्ये 'पीपल अँड नेचर' या शोधपत्रिकेत आलेल्या त्यांच्या निबंधानुसार या मजकुरात ४४ रानवनस्पती ओळखता आल्या आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश माळरानातल्या निघाल्या. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातही पश्चिम महाराष्ट्राच्या या कोरड्या भागात माळच होता.

सरकारी कागदाला मात्र हे कधी पटलं नाही. इंग्रजांच्या महसूल पद्धतीत ज्या जमिनीतून सारा येत नाही, ती पडीक. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द आजही भेटतो. केंद्र सरकार 'वेस्टलँड अ‍ॅटलस' नावाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, त्यात देशातल्या गवताळ जमिनींचा मोठा भाग पडीक म्हणूनच मोजलेला आहे. ज्याचं नावच पडीक, त्याची राखण कोण करणार?

पहाट: लांडगा आणि खोकड

माळावरचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. सूर्य वर आला की जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीतून सगळंच पाण्यात पडल्यासारखं हलतं. त्यामुळे पहिले दोन-अडीच तास खरे.

पुणे वनविभागाने इथे रीतसर माळरान सफारी सुरू केली. दोन ठिकाणं आहेत: बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी. शिर्सुफळ तर दौंड-बारामती रेल्वेमार्गावरचं स्टेशनच आहे. नोंदणी ऑनलाइन करायची, ठरलेल्या वाटेनेच फिरायचं आणि सोबत गावातला प्रशिक्षित गाइड घ्यायचा. हा गाइड नसेल तर तुम्हाला फक्त गवत दिसेल. अतिशयोक्ती वाटेल, पण लांडगा आणि वाळलेलं गवत यांचा रंग इतका सारखा असतो की पन्नास पावलांवर बसलेला प्राणीसुद्धा उठेपर्यंत कळत नाही.

लांडगा हा इथला सर्वोच्च शिकारी. कधीकाळी भारतातल्या माळांवर चित्ताही होता. राजेरजवाड्यांनी त्याला पाळून काळवीटांच्या शिकारीला लावलं, आणि इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरसारख्या संस्थानांनी विसाव्या शतकात आफ्रिकेतून चित्ते आणवले. म्हणजे २०२२ मध्ये नामिबियाहून कुनोला आलेले चित्ते भारतात आलेले पहिले आफ्रिकन चित्ते नाहीत. असो. चित्ता गेला, लांडगा राहिला. भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या वंशशाखांपैकी एक असल्याचं जनुकीय अभ्यास सांगतात. अंदाजे तीन हजारच उरलेत. हा आकडा वाघांच्या संख्येपेक्षा कमी आहे, आणि वाघासारखं राखीव जंगल लांडग्याच्या वाट्याला जवळपास नाहीच. तो राहतो गायरानात, वनखात्याच्या माळाच्या तुकड्यांवर, शेताच्या बांधावर.

खोकड त्यामानाने धीट. गावाकडे खोकड आणि कोल्हा यांची कायम सरमिसळ होते. कोल्हा मोठा, राखाडी-तपकिरी, रात्री कोल्हेकुई करणारा. खोकड मांजरापेक्षा थोडं मोठं, कान टोकदार, शेपूट झुबकेदार आणि तिचं टोक काळं. बिळाच्या तोंडाशी सकाळच्या उन्हात ते निवांत बसलेलं सापडतं. उंदीर, नाकतोडे, बोरं असं काहीही खातं. म्हणजे शेतकऱ्याचं कामच करतं.

तरस दिसेल याची खात्री देता येत नाही, कारण ते रात्रीचं. आफ्रिकेच्या व्हिडिओंत कळपाने सिंहाची शिकार पळवणारं आणि 'हसणारं' जे तरस असतं, ते ठिपक्यांचं. आपलं पट्टेरी तरस बहुतेक वेळ एकटं फिरतं, हसत नाही, आणि मेलेल्या जनावरांची हाडंसुद्धा चावून माळ साफ करतं. लोक उगाच घाबरतात बिचाऱ्याला.

चिंकारा: पाण्यावाचून जगणारं हरीण

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. नाव अष्टविनायकातल्या मोरगावच्या गणपतीवरून, घोषणा १९९७ ची, क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर. मसाई माराचं राखीव क्षेत्र साधारण १,५०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अशी जवळपास तीनशे मयूरेश्वर त्यात मावतील. एवढ्याशा जागेत चिंकारे मात्र हमखास दिसतात.

चिंकारा म्हणजे आफ्रिकेच्या माहितीपटांत चित्त्याच्या पुढे जिवाच्या आकांताने पळणाऱ्या गॅझेल हरणांचा भाऊबंद. वीस-पंचवीस किलोचा नाजूक जीव. शिंगं नर-मादी दोघांनाही असतात, मादीची आखूड. काळी शेपटी सतत फडफडते, लांबून आधी तीच नजरेत भरते. पाणी मिळालं तर पितो, नाही मिळालं तर पाला, शेंगा आणि पहाटेचं दव यांतल्या ओलाव्यावर निभावतो. दुष्काळी तालुक्याला शोभेल असंच हरीण.

गाडीतून खाली उतरलात की मोज्यांत कुसळं घुसतात. ही कुसळी गवताची बियाणं. टोकाला लांब पीळदार शेपूट असतं, ते दवाने ओलं झालं की उलगडतं, वाळलं की पुन्हा पिळतं आणि त्या फिरण्याने बी जमिनीत स्क्रूसारखं शिरतं. तुमच्या मोज्यातही ते याच पद्धतीने शिरतं. घरी गेल्यावर तासभर उपसत बसावं लागतं, हे अनुभवाने सांगतोय.

दुपार: माळाचं खरं स्थलांतर

दहानंतर माळ शांत होतो. या वेळी पाणवठ्याजवळ थांबलात तर पखुर्ड्या येताना दिसतील. कबुतरासारखा, मातकट रंगाचा हा पक्षी. नर पाण्यात पोट बुडवतो, छाती-पोटाची पिसं स्पंजासारखी भिजवून घेतो आणि ते पाणी उडत नेऊन पिल्लांना पाजतो. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात याचीच चुलत भावंडं हेच करतात.

सेरेंगेटीत दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट पावसामागे फिरतात, ते बघायला जगभरातून माणसं येतात. आपल्याकडे पावसाच्या हिशेबाने फिरतात ती धनगरांची मेंढरं. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातले अनेक वाडे दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. पुढे घोडी, तिच्यावर बिऱ्हाड, मागे शेकडो दख्खनी मेंढ्या. वाटेत शेतकरी त्यांना शेतात बसवून घेतो, कारण मेंढरांच्या लेंड्यांसारखं खत नाही.

लांडगाही या व्यवस्थेचाच भाग आहे. हरणं थोडी, मेंढरं भरपूर, त्यामुळे त्याचं पोट बऱ्याच अंशी कळपांवर भरतं. रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावतात, कुत्री राखणीला असतात, तरी एखादं कोकरू जातंच. भरपाईची योजना आहे. पण त्यासाठी लगेच कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत थांबावं लागतं. ज्याचा वाडा उद्या पुढच्या गावी असणार, त्याने कुठल्या कचेरीच्या पायरीवर बसायचं? तरीही माळावर लांडगा टिकून आहे, यात धनगरांनी सोसलेल्या नुकसानीचा वाटा मोठा आहे. सफारीच्या तिकिटावर त्याचा उल्लेख नसतो.

लांडग्याला खरा धोका आता दुसरीकडून आहे. गावं आणि हायवेवरचे ढाबे वाढले तशी भटकी कुत्रीही वाढली. ती हरणांच्या मागे लागतात, रोग पसरवतात आणि लांडग्यांशी त्यांचा संकरही होतो. पुण्याजवळच्या माळावर दिसलेला असा एक वेगळ्या रंगाचा प्राणी लांडगा-कुत्र्याचा संकर असल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून पक्कं झालं. तीन हजारांत असा संकर वाढत गेला तर तो जुना वंश हळूहळू विरघळून जाईल.

आणि माळ स्वतःच आक्रसतोय. मोकळी जागा म्हणून कारखाने आणि प्लॉटिंगवाल्यांना ती हवीच असते. त्यात भर वृक्षारोपणाची. हेतू चांगला असतो, फोटोही छान येतात, पण माळावर चर खणून दाट झाडं लावली की गवत मरतं. धाविक, चंडोल, माळटिटवी यांसारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी निघून जातात आणि चिंकाऱ्याला लांबचा शत्रू दिसेनासा होतो. गवत मुळांच्या रूपाने जमिनीत कार्बन साठवतं, त्यामुळे हवामानाच्या हिशेबानेही हा सौदा वाटतो तितका फायद्याचा नाही. पुढच्या वेळी ग्रूपवर 'उजाड माळ हिरवा करू या' असा मेसेज आला तर एवढं विचारा की तो माळ खरंच उजाड आहे का.

संध्याकाळ: भोवत्यांची वस्ती

माझ्या मते दिवसातला सगळ्यात देखणा भाग हाच. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी मध्य आशियातून हिवाळ्यात इथे येतात. दिवसभर गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे धरून तरंगत नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी टिपत असतात. सूर्य बुडायच्या बेतात आला की एकेक करून एकाच ठिकाणी जमा होतात आणि झाडावर न बसता जमिनीवर गवतातच झोपतात. जिथे थोड्या वेळापूर्वी एकही नव्हता, तिथे बघता बघता कितीतरी होतात. ही जागा मोबाइलवर लाइव्ह लोकेशनसकट टाकू नका. लांडग्याच्या बिळाचीही नको. एका पोस्टमागे पुढच्या रविवारी किती गाड्या गवतात शिरतात, हे माळाशेजारच्या गावांनी पाहिलेलं आहे, आणि सफारीला ठरलेल्या वाटा आखून द्यायची गरज पडली ती यातूनच.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी भिगवणकडे जाता येईल. उजनीचं पाणी दौंडच्या खालच्या अंगाला पसरतं आणि डिकसळ, कुंभारगाव या बाजूला हिवाळ्याच्या शेवटी रोहित पक्षी उतरतात. केनियातल्या सरोवरांवर दिसणारा मोठा रोहित आणि हा एकाच जातीचे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपल्याला याच रस्त्याने उत्तरेला जायचंय.

रात्र: शिरूर, जिथे कुणी सफारीला जात नाही

मोरगाव-सुप्याहून येणारा रस्ता चौफुल्याला हायवे ओलांडतो, पारगावजवळ भीमा पार करतो आणि न्हावरेमार्गे शिरूरला पोचतो. साधारण दोन तासांचं अंतर. या दोन तासांत जमीन बदलते. गवत संपतं, गुऱ्हाळं लागतात आणि मग दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ऊस. धरणांचं आणि कालव्यांचं पाणी आलं, माळ फोडून ऊस लागला. गवतातले प्राणी हटले आणि उसात राहू शकणारा एक आला, बिबट्या.

बिबट्याच्या दृष्टीने ऊस म्हणजे दहा-बारा महिने हलणार नाही असं दाट रान. आत गारवा, जवळ पाणी आणि बाहेर कुत्री, शेळ्या, वासरं. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शेतीच्या दाट वस्तीच्या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे आढळले होते, आणि त्यांच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता. ही जनावरं जंगलातून वाट चुकून आलेली नाहीत. त्यांच्या पिढ्याच उसात जन्मल्यात. म्हणूनच शिरूरची हद्द सांभाळणाऱ्या जुन्नर वनविभागाला 'पकडा आणि जंगलात सोडा' हे उत्तर पुरत नाही. सोडणार तरी कुठल्या जंगलात? पकडलेल्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, पण त्यालाही क्षमतेची मर्यादा आहेच.

शिरूरमध्ये घोड आणि कुकडी या नद्यांमधल्या गावांना 'बेट भाग' म्हणतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या भागातल्या पिंपरखेड आणि जांबूतमध्ये जेमतेम तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले. एक पाच वर्षांची मुलगी, एक ऐंशी ओलांडलेल्या आजी आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांचा संयम सुटला. वनखात्याची गाडी जाळली गेली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला आणि अखेर नरभक्षक ठरवलेल्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्याच दिवसांत पिंपरखेडमधले शेतकरी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातानाचे फोटो देशभर फिरले. असे पट्टे आपण कुत्र्याच्या गळ्यात बघितलेले असतात. बिबट्या मानेला धरतो म्हणून मेंढपाळ कुत्र्याला ते घालतात.

शहरात बसून यावर 'माणसानेच त्यांच्या घरात अतिक्रमण केलं' अशी कमेंट करणं सोपं आहे. शिरूरला तर ती लागूही पडत नाही, कारण इथे ऊस आधी आणि बिबट्या नंतर आला. गावकऱ्यांच्या मागण्याही अगदी साध्या असतात. शेतीपंपाला थ्री-फेज वीज दिवसा द्या, म्हणजे रात्री उसाला पाणी द्यायला जावं लागणार नाही. वस्तीवर दिवे द्या. मुलांना शाळेत न्यायला-आणायला गाडी द्या. जुन्नर तालुक्यात आंबेगव्हाणला बिबट सफारी करायचा प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत आहे. तो झाला तरी बेट भागातल्या बाईला पहाटे गोठ्यात जाताना लागणारी बॅटरी हातातून सुटणार नाही.

या भागात रात्री थांबायची वेळ आलीच तर स्थानिक लोक काय करतात ते करा. एकट्याने चालू नका, मोबाइलवर गाणी किंवा बोलणं मोठ्याने चालू ठेवा, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काही करू नका. वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसू शकतो. आणि गाडीतून सर्चलाइट मारत बिबट्या शोधत फिरू नका. शिवारात अनोळखी गाडी रात्रीची फिरायला लागली की गावातले लोक काठ्या घेऊन बाहेर येतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते. टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोपी उभारतात आणि कोयत्याखाली ऊस आडवा होत जातो. अशा वेळी मधल्या सरीत बिबट्याची पिल्लं सापडतात, कधी दोन, कधी तीन, डोळे नुकते उघडलेली. काम थांबतं, वनखात्याला फोन जातो. पशुवैद्यक पिल्लांना तपासतात आणि अंधार पडताना त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून, कॅमेरा लावून सगळे लांब जातात. बऱ्याचदा रात्रीतून आई येते. क्रेट पाडते, एकेक पिल्लू तोंडात धरते आणि शेजारच्या अजून न तुटलेल्या उसात घेऊन जाते.